घर तेच, पाटी बदललेली

कन्सोलवर शेवटची ओळ आली आणि सगळं थांबलं. ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग’. ही ओळ मी वीस वर्षांत इतक्यांदा पाहिलीय की तिची आता भीती वाटत नाही. नजर अडकली ती तिच्या जरा वर. रूट फाइलसिस्टिम, म्हणजे जिच्यावर प्रणालीच्या सगळ्या फाइली असतात ती, सापडली नाही की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, मरता मरता एक चांगलं काम करतो. मला एवढी पार्टिशनं दिसतायत, यातलं कुठलं हवंय ते नीट सांगा, असं म्हणून यादी छापतो. त्या रात्री यादीचं शीर्षक छापलं गेलं होतं आणि खाली काहीच नव्हतं.

२५६ मेगाबाइटची फ्लॅश चिप माझ्यापासून वीतभर अंतरावर, बोर्डावर बसलेली. बूटलोडर, म्हणजे यंत्र चालू होताच कर्नलला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, तिच्यातूनच उठला होता. कर्नलच्या लेखी मात्र ती जगातच नव्हती.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२२ची, दिवाळीनंतरची. लिहीन लिहीन म्हणता राहून गेली. आता परवा आमच्याकडच्या नव्या मुलानं तोच प्रश्न विचारला, ‘मॅडम, ड्रायव्हर तर ऑन केला होता, मग गेला कुठे?’ तेव्हा म्हटलं, एकदा बैठक मारून लिहूनच टाकावं. (आज्ञा आणि नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. टंकताना अर्थातच रोमन.)

आधी यंत्राबद्दल. भोसरीत आमची एक छोटी कंपनी आहे. दूध संस्थांमध्ये संकलनाच्या वेळी जे डबडं टेबलावर असतं, ते आम्ही बनवतो. काट्यावरून लिटर घ्यायचे, फॅटच्या मशीनमधून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घ्यायचं, दर काढायचा, पावती छापायची आणि हे सगळं जपून ठेवायचं, कारण दहा दिवसांनी त्यावरूनच बिल निघतं. आत सॅमए५डी३ जातीचा प्रोसेसर आहे. २०१३ साली आला तेव्हा तो ॲटमेलचा होता, २०१६ साली मायक्रोचिपनं ॲटमेल विकत घेतली. म्हणजे हासुद्धा एक पाटी बदललेलाच. शेजारी रॅम, आणि ही नँड फ्लॅश.

‘साधं एसडी कार्ड का नाही?’ हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. पहिल्या आवृत्तीत एसडी कार्डच होतं. मग वाळवा तालुक्यातल्या एका संस्थेच्या सचिवांचा पहाटे साडेपाचला फोन यायचा, ‘ताई, मशीन उठंना.’ पाठीमागे किटल्यांचे आवाज, कुणीतरी म्हणतंय, ‘अवो, किती येळ?’ लाईट गेली होती, आली होती, परत गेली होती, आणि त्या धरसोडीत कार्ड मेलं होतं. एसडी कार्डाच्या पोटात स्वतःचा एक छोटा कंट्रोलर असतो. तो आपल्याला न विचारता आतल्या आत डेटा इकडून तिकडे हलवत असतो, आणि नेमकं तेव्हा वीज गेली की त्याचा हिशेब चुकतो. तो हिशेब आपल्याला दिसत नाही, म्हणून दुरुस्तही करता येत नाही. सहा महिन्यांत नऊ कार्डं बदलल्यावर आम्ही ठरवलं की हिशेब आपल्याच हातात पाहिजे. म्हणून कच्ची नँड. तिच्यात कंट्रोलर नसतो. बरंवाईट सगळं कर्नलनं बघायचं.

आणि बघण्यासारखं पुष्कळ असतं. आमच्या चिपमध्ये २,०४८ बाइटचं एक पान. अशा ६४ पानांचा एक ब्लॉक, म्हणजे १२८ किलोबाइट. असे २,०४८ ब्लॉक. लिहायचं ते पानापानानं. पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक. एक पान चुकलं म्हणून एकच पान खोडता येत नाही, चौसष्टच्या चौसष्ट पुसावी लागतात. शिवाय लिहिताना बिट फक्त एकाचा शून्य होऊ शकतो. शून्याचा पुन्हा एक करायला पुसण्यावाचून इलाज नाही. पाटीवर ओलं फडकं मारावं तसं. आणि हे फडकं साधारण एक लाख वेळा मारता येतं, नंतर तो ब्लॉक दगा देऊ लागतो. त्यातून काही ब्लॉक कारखान्यातून येतानाच नासके असतात. २,०४८ पैकी ४० पर्यंत खराब निघाले तरी चिप ‘चांगली’ म्हणूनच विकली जाते, आणि डेटाशीटमध्ये ते राजरोस लिहिलेलं असतं. भाजीवालीनं किलोभर टोमॅटो देताना यात दोनतीन नासके असतील हं, असं आधीच सांगून द्यावे तसा प्रकार.

हे सगळं सांभाळायला कर्नलमध्ये थर आहेत. सगळ्यात खाली चिपशी बोलणारा नँडचा ड्रायव्हर. त्याच्यावर एमटीडी, म्हणजे सगळ्या फ्लॅशना एका तोंडवळ्यानं दाखवणारा थर. त्याच्यावर यूबीआय. याचं काम नासके ब्लॉक बाजूला ठेवायचं आणि पुसण्याची झीज सगळीकडे सारखी वाटायचं. एकाच बैलाला रोज औताला जुंपायचं नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. आणि सगळ्यात वर यूबीआयएफएस ही फाइलसिस्टिम. यूबीआय २००७ साली २.६.२२ मध्ये आलं, यूबीआयएफएस पुढच्या वर्षी २.६.२७ मध्ये. नोकियातल्या लोकांनी हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठाबरोबर ती केली. त्याआधीची जेएफएफएस२ माउंट होताना अख्खी फ्लॅश चाळत बसायची. फ्लॅश जेवढी मोठी तेवढी वाट पाहायची. पहाटे रांग लागलेली असताना ते परवडत नाही.

तर आमची डबडी पाच वर्षं ४.९ या कर्नलवर सुखानं चालू होती. ४.९ निघाला डिसेंबर २०१६ला, दीर्घकाळ सांभाळला जाणारा म्हणून आम्ही तो घेतला होता, आणि जानेवारी २०२३ला त्याचा सांभाळ संपणार होता. यंत्र आता फोरजीवरून बोलायला लागलं होतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेला कर्नल इंटरनेटला जोडून ठेवायचा, हे मला पटत नव्हतं. ५.१० वर जायचं ठरलं. साहेब म्हणाले, ‘दोन दिवसांचं काम ना?’ मी ‘हो’ म्हणाले. याबद्दल दोष त्यांना नाही.

कर्नल कंपाइल करणं हे मला काही नवीन नव्हतं. २००३ साली सांगलीत कॉलेजात असताना मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं होतं आणि आवाज येत नाही म्हणून २.४चा कर्नल स्वतः बांधला होता. तेव्हा ‘मेक डेप’ म्हणून एक पायरी आधी करावी लागायची, मग ‘मेक बीझेडइमेज’, मग ‘मेक मॉड्यूल्स’. पेंटियम थ्री, १२८ मेगाबाइट रॅम. चालू करून मेसमध्ये जेवून यायचं, तरी चालूच. परत आल्यावर पंख्याच्या आवाजावरून कळायचं की अजून शिजतंय. आता माझ्या लॅपटॉपवर, एआरएमसाठी, फक्त आम्हाला हवं तेवढंच निवडलं की बारा मिनिटांत होतं. चहा पूर्ण होत नाही.

पद्धत अशी: ‘आर्च’ म्हणजे कुठल्या प्रोसेसरसाठी ते सांगायचं, ‘क्रॉस_कंपाइल’ म्हणजे कुठला कंपाइलर वापरायचा ते सांगायचं, ‘डॉट कॉन्फिग’ नावाची फाइल तयार करायची, आणि ‘मेक’. शेवटी दोन वस्तू हातात येतात: झेडइमेज, म्हणजे कर्नल, आणि डीटीबी, म्हणजे बोर्डावर कुठे काय बसवलंय याचा नकाशा. सगळी मेख त्या डॉट कॉन्फिगमध्ये. त्यात हजारो ओळी असतात आणि प्रत्येक ओळ म्हणजे कर्नलचा एक तुकडा: हा घ्या, हा नको, हा मॉड्यूल म्हणून वेगळा ठेवा, लागेल तेव्हा जोडू.

सॅमए५साठी कर्नलबरोबर एक तयार कॉन्फिग येतं. शहाण्या माणसानं तिथून सुरुवात करावी. मला माझं पाच वर्षं जपलेलं कॉन्फिग प्रिय होतं. त्यातली प्रत्येक ओळ मी विचार करून ठेवली होती, नको ते शंभर ड्रायव्हर वेचून काढले होते. म्हणून मी ४.९चं कॉन्फिग उचललं, ५.१०च्या झाडात (म्हणजे त्याच्या सोर्सच्या फोल्डरांत) टाकलं आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ म्हटलं. ही आज्ञा जुनं कॉन्फिग घेते आणि मधल्या काळात जे नवे पर्याय आले त्यांना ठरलेली उत्तरं देऊन टाकते. एकही प्रश्न विचारत नाही. तीन सेकंदांत झालं. चूक नाही, इशारा नाही. बांधलं, बारा मिनिटं. बूटलोडरमधून टीएफटीपीनं नेटवर्कवरून रॅममध्ये उतरवलं (फ्लॅशवर लिहायची घाई मी कधी करत नाही), ‘बूटझेड’ दाबलं, आणि वर सांगितलेली रिकामी यादी.

पहिला संशय अर्थातच नकाशावर, म्हणजे डीटीबीवर. दोन तास त्यात गेले. मग सोल्डरिंगवर. मग केबलवर, तिचा काही संबंध नसताना. मेनूकॉन्फिग, म्हणजे हेच सगळे पर्याय दाखवणारा मेनू, उघडून पाहिलं. यूबीआय? आहे, ताऱ्यासकट. यूबीआयएफएस? आहे. एमटीडी? आहे. माझा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच फसले. वरचे सगळे मजले जागेवर होते. तळमजला बघायला मी खाली उतरलेच नाही.

रात्री साडेअकराला, घरी, लेक झोपल्यावर, बूट होतानाच्या ओळी पुन्हा एकेक करून वाचल्या. ४.९मध्ये दुसऱ्याच सेकंदाला ‘नँड: डिव्हाइस फाउंड’ अशी ओळ यायची, पुढे चिप बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीचा आयडी, पानाचा आकार वगैरे. ५.१०च्या लॉगमध्ये ‘नँड’ हा शब्दच नव्हता. ‘सापडली नाही’ असंसुद्धा नाही. म्हणजे कुणी शोधायला गेलेलंच नव्हतं.

कर्नलच्या झाडात ‘स्क्रिप्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डिफकॉन्फिग’ म्हणून एक छोटी स्क्रिप्ट आहे. दोन कॉन्फिग फाइली दिल्या की काय गेलं, काय आलं ते सांगते. ती मी तेव्हा पहिल्यांदा नीट वापरली. आधी वापरली असती तर हा लेख चार ओळींत संपला असता. भलीमोठी यादी आली. जाणाऱ्यांच्या रांगेत, उणे चिन्ह लावून, एक ओळ होती: एमटीडी_नँड. आणि तिच्याखाली, तिच्याच मागोमाग गेलेली: एमटीडी_नँड_ॲटमेल.

झालं होतं असं. ४.९मध्ये नँडच्या सगळ्या कुटुंबाचा जो मुख्य पर्याय होता, त्याचं नाव ‘एमटीडी_नँड’. पुढे एसपीआयवरून, म्हणजे मोजक्याच तारांच्या जोडणीवरून, बोलणाऱ्या नँड चिपा आल्या, त्यांचं घर वेगळं झालं, आणि आमच्यासारख्या जुन्या, रुंद बसवर बसणाऱ्या चिपांना ‘रॉ नँड’, म्हणजे कच्ची नँड, म्हणू लागले. फोल्डरसुद्धा हलवलं: ड्रायव्हर्स, एमटीडी, नँड आणि त्याच्या आत आता ‘रॉ’. मग पर्यायाचं नाव झालं ‘एमटीडी_रॉ_नँड’. अगदी वाजवी बदल. मीही तेच केलं असतं.

पण ओल्डडेफकॉन्फिगला माझ्या फाइलमध्ये ‘एमटीडी_नँड बरोबर वाय’ अशी ओळ दिसली, तेव्हा त्या नावाचं कुणीच या झाडात राहत नव्हतं. त्यानं ओळ गाळली. ‘एमटीडी_रॉ_नँड’ हा त्याच्या दृष्टीनं नवा पर्याय. ठरलेलं उत्तर ‘नको’. मग ॲटमेलचा ड्रायव्हर त्याच्यावर अवलंबून, बाप नाही तर पोरगं कुठून, तोही गेला. आणि हे सगळं बिनबोभाट, कारण प्रत्येक पायरी नियमाला धरूनच झाली होती. पोस्टमननं पत्त्यावरचं नाव पाटीवर नाही म्हणून पत्र खिशात घालून निघून जावं, आणि घरातला माणूस आत बसून वाट पाहत असावा.

लक्षात घ्या, ‘मेक ओल्डकॉन्फिग’ केलं असतं तर त्यानं नव्या पर्यायांबद्दल एकेक प्रश्न विचारला असता, त्यात रॉ नँडचाही. चार वर्षांचे नवे पर्याय म्हणजे एंटर दाबून बोट झिजलं असतं, आणि त्या झपाट्यात मी त्यालाही एंटर मारलाच असता, हे मला माझ्या स्वभावावरून माहीत आहे. पण येणाऱ्याची चौकशी करणारी तरी काही सोय आहे. जाणाऱ्याला निरोप द्यायला कुणी येत नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: नवं कॉन्फिग झालं की डिफकॉन्फिगच्या फक्त उणे ओळी कागदावर छापायच्या आणि पेन घेऊन बसायचं. माझ्या त्या कागदावर तीन पानं भरली. नव्वद टक्के ओळी निरुपद्रवी होत्या. उरलेल्यांत नँडशिवाय आणखी दोन होत्या, पण त्यांची गोष्ट कंटाळवाणी आहे.

रॉ नँड चालू केलं, ॲटमेल चालू केलं. मॉड्यूल म्हणून नाही, कर्नलच्या आतच. रूट फाइलसिस्टिम ज्या चिपवर आहे त्या चिपचा ड्रायव्हर त्याच फाइलसिस्टिमवर मॉड्यूल करून ठेवायचा म्हणजे कुलपाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट लावायचं. आम्ही इनिटरामएफएस, म्हणजे कर्नलबरोबर रॅममध्ये उतरणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम, वापरत नाही, त्यामुळे मॉड्यूलचा प्रश्नच मिटतो.

बारा मिनिटं. ‘नँड: डिव्हाइस फाउंड’. २५६ एमआयबी, एसएलसी, इरेझ साइझ १२८, पेज साइझ २०४८, ओओबी ६४. मी टेबलावर मूठ आपटली. पुढच्याच सेकंदाला पुन्हा पॅनिक.

चिप दिसत होती, पण तिच्यातले वाटे, म्हणजे पार्टिशनं, दिसत नव्हते. आमचे वाटे बूटलोडर कर्नलला आज्ञेच्या ओळीतून सांगतो. ‘एमटीडीपार्ट्स बरोबर ॲटमेल_नँड’, पुढे अपूर्णविराम (कोलन) आणि मग एकेकाचा आकार: बूटस्ट्रॅपला एवढं, यू-बूटला एवढं, कर्नलला एवढं, उरलेलं सगळं यूबीआयला. म्हणजे ‘ॲटमेल_नँड’ नावाची जी चिप असेल तिचे असे तुकडे करा. आता २०१७ साली हा ड्रायव्हर मुळापासून नव्यानं लिहिला गेला, आणि नकाशात चिपची नोंद करायची पद्धतही बदलली. आधी चिप सरळ बसवर टांगलेली दाखवायचे. आता बाहेरच्या बसची एक नोंद, तिच्या पोटात नँड कंट्रोलर, त्याच्या पोटात चिप. मी हौसेनं आमचा नकाशा नव्या पद्धतीनं लिहून काढला होता. जुनी पद्धतही चालते, ती मुद्दाम शाबूत ठेवलीय, पण मला नवं घर नव्या रंगातच हवं होतं. नव्या पद्धतीत चिपला आपोआप मिळणारं नाव म्हणजे पत्ता, बस, कंट्रोलर असं सगळं जोडून केलेलं लांबलचक शेपूट. ‘ॲटमेल_नँड’ या नावाचं पुन्हा कुणी घरात नाही.

इथे मात्र मला कुणीतरी भेटलं. ड्रायव्हरचा सोर्स उघडला, नाव कुठे ठरतं ती ओळ शोधली, आणि तिथे एक टिप्पणी होती. तुम्ही नवी पद्धत वापरत असाल आणि बूटलोडर अजून जुनंच नाव पाठवत असेल, तर नकाशात चिपच्या नोंदीत लेबल म्हणून ‘ॲटमेल_नँड’ लिहा, अशा अर्थाची. माझीच अडचण, माझ्या आधी पाच वर्षं, कुणीतरी ओळखून तिथे लिहून ठेवली होती. फ्रान्समध्ये की कुठे बसून लिहिणाऱ्या त्या माणसाला भोसरीतल्या दुधाच्या डबड्याची काय कल्पना असणार! बूटलोडर बदलणं मला शक्य नव्हतं. ती यंत्रं खेड्यापाड्यांत पसरलेली, आणि बूटलोडर लिहिताना वीज गेली तर यंत्र थेट भोसरीला परत. एक ओळ घातली. वाटे दिसू लागले.

तिसरी चूक माझ्या हावेची. नँडमध्ये अधूनमधून एखादा बिट उलटतोच, म्हणून प्रत्येक पानामागे ६४ जादा बाइट असतात आणि तिथे चुका दुरुस्त करायचा कोड, ईसीसी, लिहिलेला असतो. आमच्या प्रोसेसरात तो कोड काढणारं हार्डवेअरच आहे, पीएमईसीसी नावाचं. ५१२ बाइटच्या प्रत्येक तुकड्यात २, ४, ८, १२ किंवा २४ बिट दुरुस्त करायला त्याला सांगता येतं. जुन्या यंत्रांत ४ होता. नकाशा नव्यानं लिहितेच आहे तर म्हटलं ८ करू, जास्त ते बरं. साखर नव्हे हे. ४ बिटांसाठी प्रत्येक तुकड्यामागे ७ बाइट लागतात, चार तुकड्यांचे २८. ८ बिटांसाठी १३ प्रमाणे ५२. दोन्ही त्या ६४मध्ये मावतात, पण मांडणी पूर्ण वेगळी. चारच्या हिशेबानं लिहिलेलं आठच्या हिशेबानं वाचायला गेलं की प्रत्येक पान चुकीचंच वाटणार.

आणि तसंच झालं. ‘एरर वजा ७४’च्या ओळींवर ओळी, दोन हजार ब्लॉकांसाठी, पडदा धावतोय. इथे माझ्या हातापायातलं बळ गेलं, कारण टेबलावरच्या त्या बोर्डात एका संस्थेची खरी नोंद होती. दुरुस्तीला आलेलं यंत्र मी आळसानं चाचणीला वापरलं होतं. यूबीआयला एखादा भाग कोरा वाटला तर ते तो आपणहून मांडून घेतं, म्हणजे जुनं सगळं गेलं.

पण यूबीआय माझ्यापेक्षा शहाणं निघालं. सगळे ब्लॉक बघून झाल्यावर त्यानं एवढंच म्हटलं की या भागावर यूबीआयची मांडणी दिसत नाही, बहुधा दुसरंच काहीतरी आहे, मी घेत नाही. नाकारलं आणि बाजूला झालं. कोरं आणि न कळणारं यांत फरक करणारी ती ओळ ज्यानं लिहिली त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. मग आधी ‘नँडडंप’नं सगळी चिप लॅपटॉपवर उतरवून घेतली, जे सकाळीच करायला हवं होतं. नकाशात ८चे ४ केले. बारा मिनिटं. यूबीआय जोडलं गेलं, यूबीआयएफएस माउंट झाली, लॉगिन आलं. पहाटेचे तीन. लाईट आहे तोवर झोपावं म्हणून झोपले.

पुढचे दिवस खरं तर जास्त मोलाचे होते, पण सांगायला कमी. एक रिले आणि टायमर लावून बोर्डाची वीज सरासरी पाऊण मिनिटाला एकदा जाईल अशी सोय केली, आणि बोर्डावर सतत पावत्या लिहिणारा प्रोग्रॅम. रात्री नऊला चालू करून गेले, सकाळी आठपर्यंत ८७४ वेळा वीज गेली होती. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांनी सकाळी विचारलं, ‘मॅडम, ते रातभर टिकटिक काय चाललं होतं? साप-बिप म्हटलं.’ प्रत्येक वेळी बूट होताना यूबीआयएफएस म्हणायची ‘रिकव्हरी नीडेड’, जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) वाचायची, म्हणायची ‘रिकव्हरी कम्प्लीटेड’, आणि पुढे. पावत्यांची नोंद एकही तुटली नाही. सेटिंगची फाइल मात्र दोनदा शून्य बाइटची सापडली. तो दोष कर्नलचा नव्हता. आमच्याच प्रोग्रॅमनं फाइल रिकामी करून तिच्यावर लिहायला घेतलं होतं आणि ‘एफसिंक’, म्हणजे लिहिलेलं खरंच फ्लॅशवर उतरव असं सांगणं, न करता डोळे मिटले होते. वेगळ्या नावानं लिही, एफसिंक कर, मग नाव बदल: हे त्या नव्या मुलाला मी तोंडपाठ करायला लावलं. तो म्हणाला, ‘म्हणजे इथे नाव बदलणं चांगलं?’ मी त्याला चहा आणायला पाठवलं.

पहिलं यंत्र घेऊन वाळव्याला मीच गेले, डिसेंबरात. फोन करणाऱ्या त्याच सचिवांच्या संस्थेत. पावणेसहाला अंधार, थंडी, पत्र्याच्या शेडमध्ये बल्ब, रांगेत पंधरावीस माणसं. जुनं काढून नवं जोडलं. सचिवांनी चार पावत्या काढल्या आणि माझ्याकडे बघितलं.

‘ताई, ह्यात नवीन काय?’

काय सांगणार! रॉ नँड सांगू की लेबल सांगू? म्हटलं, ‘लाईट गेली तरी चालेल आता.’

‘बघू का?’ म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत, एका आजोबांची पावती अर्धी बाहेर आलेली असताना, त्यांनी बोर्डातली पिनच उपटली. रांग गप्प. मी मनात सेकंद मोजायला लागले. त्यांनी पिन परत खोचली. एक, दोन… अकराव्या सेकंदाला पडदा उजळला, प्रिंटर खरखरला, आणि ३७ नंबरची पावती पुन्हा पहिल्यापासून पूर्ण बाहेर आली. लिटर तेच, फॅट तीच.

सचिवांनी अर्धी आणि पुरी, दोन्ही शेजारी शेजारी धरून बल्बखाली नीट वाचल्या. पुरी आजोबांना दिली. अर्धी घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘हं, पुढचं कोण?’